सात सीडींचा वाडा: खऱ्या नटांचे जुने भयखेळ पहिल्यांदा किंवा पुन्हा खेळताना

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात कॉम्प्युटर माडीवर होता आणि मोरी खाली, चौकाच्या पलीकडे. मध्ये लाकडी जिना आणि जिन्याच्या वळणावर चाळीसचा एकच बल्ब. आत्येभाऊ, म्हणजे आम्हा सगळ्या भावंडांचा दादा, ज्या रात्री ‘फँटॅस्मगोरिया’ या कॉम्प्युटर गेमची सीडी ड्राइव्हमध्ये सरकवायचा, त्या रात्री जेवणानंतर पाणी प्यायचं नाही असं आम्ही धाकट्यांनी ठरवून टाकलं होतं. ड्राइव्ह आधी घरघरायचा, मग त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि कुठल्यातरी परक्या देशातल्या बंगल्यात एक खरीखुरी बाई जिना चढायला लागायची. चित्रातली नाही, खरी. तिच्या पायरीबरोबर आमचाही जिना वाजतोय असं वाटायचं.

हे सगळं १९९८-९९ सालचं. गेल्या वर्षी वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या सीडी सापडल्या. मग कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला बरोबर घेऊन मी त्या काळचे चार गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. त्या अनुभवावरून हे लिहितोय. ज्यांनी हे गेम कधीच पाहिले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी लहानपणी अर्ध्यावर सोडले त्यांच्यासाठीही.

हे गेम म्हणजे नेमकं काय

फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. सीडी आली आणि एकदम साडेसहाशेच्या आसपास जागा मिळाली. एवढ्या जागेत चित्रीकरण बसू शकतं हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी खरे नट बोलावले, त्यांना निळ्या पडद्यापुढे उभं केलं आणि मागचा बंगला, जंगल, तळघर नंतर कॉम्प्युटरवर चढवलं. तुम्ही माउसने दार दाखवायचं, नटी ते उघडते. तुम्ही खिशातली किल्ली द्यायची, ती कुलपाला लावते. याला ‘फुल मोशन व्हिडिओ’ म्हणायचे, आजही खेळणारे ‘एफएमव्ही’ म्हणतात. साधारण १९९२ ते १९९८ हा त्यांचा भराचा काळ. चित्रीकरणाचा खर्च मोठा आणि खेळणाऱ्याला मोकळीक थोडी. तोवर थ्रीडी गेम सुधारत गेले, तशी ही लाट ओसरली.

आज पहिल्यांदा बघणाऱ्याला चित्र धूसर वाटेल, अभिनय नाटकी वाटेल. पहिला अर्धा तास तो खटकतो. नंतर डोळे सरावतात, आणि हळूहळू तो बंगला अंगावर यायला लागतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासावरून मत बनवू नका.

आधी कुठला घ्यायचा

सुरुवात ‘द सेव्हन्थ गेस्ट’ने करा. १९९३ सालचा, ट्रायलोबाइट कंपनीचा, दोन सीडींचा गेम. रॉब लँडेरॉस आणि ग्रॅम डिव्हाइन या दोघांनी रचलेला. हेन्री स्टॉफ नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसाचा बंगला, तिथे बोलावलेले सहा पाहुणे, आणि खोली-खोलीत एकेक कोडं. रक्तपात थोडा, गोष्ट तुकड्यातुकड्यांनी उलगडणारी. नवख्याला हे सोपं जातं, कारण काय करायचं ते नेहमी समोर असतं: कोडं सोडवा, पुढचं दार उघडेल.

यातला माउसचा बाण म्हणजे सांगाड्याचा हात आहे. जिथे जाता येतं तिथे तो बोटाने ‘ये’ म्हणून खुणावतो, जिथे वाट नाही तिथे बोट हलवून ‘नाही’ म्हणतो. कोडं असेल तिथे कवटी दिसते आणि तिच्यात मेंदू धडधडत असतो. भुताचा प्रसंग दिसणार असेल तिथे बाण पुन्हा बदलतो. एवढ्या चार खुणा कळल्या की गेम कसा खेळायचा ते कळलं. त्यातल्या भुतांच्या कडांना हलकी किनार दिसते. ती त्या काळच्या निळ्या पडद्याच्या तंत्राची खूण, पण भुतांना ती अशी शोभते की वेगळी सजावट केली असती तरी इतकी जमली नसती.

गेम मिळवायचा कसा

जुन्या सीडी घरात असतील तर आधी उजेडाकडे धरून बघा. चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती सीडी गेली असं समजा. नुसती धूळ किंवा बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल-गोल फिरवून नाही. ओरखडा सीडीच्या फिरण्याच्या दिशेने पडला की वाचणं सगळ्यात अवघड होतं. आजच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा लागेल. इंदूरकरांनी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारावी. तिथे जुन्या वस्तूंची नावं घेतली तर दुकानदार भुवया उंचावत नाहीत.

सीडी वाचली की लगेच खेळायला बसू नका. आधी सगळ्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पंचवीस वर्षांची सीडी एकदा चालली म्हणून दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

सीडी नसतील, किंवा एखादी कमी असेल, तर जीओजी डॉट कॉमवर यातले बहुतेक गेम विकत मिळतात. वर्षातून अनेकदा सवलतीत असतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात, आणि सगळ्या सीडी आधीच एकत्र जोडलेल्या असतात. कुठल्यातरी संकेतस्थळावरून फुकट उचललेली प्रत घेऊ नका. अशा प्रतीत मधलीच एखादी फिल्म गायब असते, आणि या गेमांत फिल्म गायब म्हणजे गोष्टच गायब.

आमचं उदाहरण सांगतो. ‘फँटॅस्मगोरिया’चा सात सीडींचा संच दादाच्या मित्राच्या काकांनी अमेरिकेहून आणला होता. चौथं प्रकरण संपलं, दादाने पाचवी सीडी घातली आणि ड्राइव्हच अडकला, तबकडी बाहेरच येईना. ड्राइव्ह तसाच दुरुस्तीला दिला. दुरुस्त होऊन आला, पण आतली सीडी परत आली नाही. दादा तीन वेळा सायकलवरून जाऊन विचारून आला. त्या गेममध्ये हवं ते प्रकरण निवडून सुरू करता येतं, त्यामुळे सहावी सीडी घालून पुढे जाता आलं असतं. आम्ही हट्ट धरला. दादा म्हणाला, “मधलं सोडून पुढचं बघायचं नाही.” त्यावर कोणी बोललं नाही. ट्रंकेत सापडल्या त्या म्हणूनच सहाच सीडी होत्या, आणि मी यंदा पूर्ण गेम विकत घेतला.

चालवायचं कशात

स्कमव्हीएम नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, २००१ पासून हौशी लोक तो सांभाळतायत. जुन्या गेमचं चित्र, आवाज, संवाद या सगळ्या फाइली तशाच ठेवून, त्या वाचणारं यंत्र तेवढं नव्याने लिहायचं, अशी त्याची रीत. त्यामुळे विंडोज ९५ साठी केलेला गेम आजच्या विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी अँड्रॉइड फोनवरही चालतो. ‘द सेव्हन्थ गेस्ट’ त्यात पूर्वीपासून चालायचा. ‘फँटॅस्मगोरिया’ आणि ‘गॅब्रिएल नाइट २’ हे सिएरा कंपनीचे मोठे गेम २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीपासून चालू लागले. म्हणून कोणाकडे जुनी आवृत्ती पडलेली असेल तर ती काढून ताजी घाला.

करायचं एवढंच. प्रत्येक गेमसाठी वेगळा फोल्डर करा. गेमच्या फाइली त्यात ठेवा. स्कमव्हीएम उघडून ‘अ‍ॅड गेम’ दाबा आणि तो फोल्डर दाखवा. गेम ओळखला की त्याचं पूर्ण नाव दिसतं. ओळखला नाही तर बहुतेक वेळा फाइली आणखी एका फोल्डरच्या पोटात गेलेल्या असतात, त्या वर काढा. खेळताना अडचण आली तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा, स्कमव्हीएमचा स्वतःचा मेनू येतो. ऑल्ट आणि एंटरने चित्र पूर्ण पडद्यावर जातं.

आता चित्राबद्दल, कारण इथे जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. हे गेम जवळपास चौकोनी पडद्यासाठी केलेले आहेत, चारास तीन या प्रमाणात. रुंद पडदा भरावा म्हणून चित्र ताणलंत की माणसं बुटकी आणि जाडी होतात, आणि बुटक्या भुताला कोण घाबरणार? ग्राफिक्सच्या भागात ‘फिट टू विंडो’ निवडा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘फँटॅस्मगोरिया’च्या ‘इंजिन’ भागात फिल्मवर काळ्या रेघा आणणारी एक खूण आहे. मूळ गेममध्ये फिल्मच्या एकाआड एक ओळी काळ्या असायच्या. भाचीने त्या रेघा काढल्या तर चित्र भरीव झालं, पण मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा सपाट, पीठ फासल्यासारखा दिसायला लागला. रेघा परत लावल्या आणि त्याच चेहऱ्यावर सावल्या आल्या. मी म्हणेन, रेघा ठेवा. दोन्ही करून बघा आणि मग ठरवा.

फोनवर खेळू नका. चालतो, पण त्या लहानशा पडद्यावर बंगल्याला खोली राहत नाही.

खोली आणि वेळ

लहानपणी दादाने घालून दिलेले नियम मला आजही बरोबर वाटतात. रात्री नऊनंतर. ट्यूबलाइट बंद, पडद्यामागे एक छोटा दिवा. पडद्याचा उजेड कमी, म्हणजे काळं खरंच काळं दिसेल. आवाज स्पीकरवर, एकटे असाल तरच हेडफोन. मूळ गेममध्ये संवाद खाली लिहून येत नाहीत, आणि इंग्रजी बोलणं कधीकधी पुटपुटल्यासारखं असतं, त्यामुळे पंखाही शक्यतो हळू.

दोघं-तिघं बसा, आणि माउस एकाच्याच हातात. बाकीच्यांनी बघायचं, सुचवायचं, घाबरायचं. आमच्याकडे दादाच्या हातात माउस, मावशीच्या हातात वही, आणि आम्ही गादीवर एका गोधडीत पाच जण. एखादं दार उघडायचं की नाही यावर दहा-दहा मिनिटं वाद व्हायचे. या गेमांत घड्याळ क्वचितच मागे लागतं. बाई दारापाशी उभी राहते आणि तुमची वाट बघते. वादाला जागा ठेवलेली आहे, ती वापरा.

त्या काळी लाइट जायची, आणि जायची ती नेमकी अशा वेळी. २००० नंतर तर मध्य प्रदेशात वीजकपातीचे तास ठरलेलेच होते. यूपीएस टीं-टीं करायला लागला की दादा धावत सेव्ह करायचा. आज इन्व्हर्टर आहे, तरी ती सवय ठेवा: नवीन खोलीत शिरण्याआधी सेव्ह. जिथे गेम वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करू देतो तिथे एकाच नावावर पुन्हा-पुन्हा करू नका, मागच्या दोन-तीन जागा राखून ठेवा.

वही ठेवा, उत्तर शोधू नका

चौकटीची वही आणि पेन्सिल. ‘द सेव्हन्थ गेस्ट’मधलं सुरुवातीचं कोडं जेवणाच्या टेबलावर आहे. केक आहे, त्याचे चौकोनी तीस तुकडे. काहींवर साखरेच्या कवट्या, काहींवर थडगी, काही साधे. सहा पाहुण्यांना सारखा वाटून द्यायचा: प्रत्येकाला दोन कवट्या, दोन थडगी, एक साधा, आणि प्रत्येकाचे पाचही तुकडे एकमेकांना लागून हवेत. भाचीने वहीत केक काढला, पाच वेळा खोडला, कोपऱ्यातून सुरुवात करायची असते हे तिचं तिला उमगलं, आणि चाळीस मिनिटांनी ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. इंटरनेटवर उत्तर दहा सेकंदांत मिळालं असतं आणि त्या बंगल्याशी तिचं नातं तिथेच तुटलं असतं.

अगदीच अडलात तर गेमच्याच आत मदत आहे. बंगल्याच्या ग्रंथालयात एक पुस्तक उघडं असतं. एकाच कोड्यासाठी ते पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा इशारा देतं, तिसऱ्यांदा कोडं आपोआप सुटतं. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या कोड्यासाठी हे पुस्तक खुशाल वापरा. तिथे जंतूंनी पट व्यापायची लढाई खेळायची असते आणि समोरचा भिडू फार कडक आहे. ‘फँटॅस्मगोरिया’त पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल कवटी आहे; ती दाबली की पुढे काय करावं ते सांगते.

दुसरा: गॅब्रिएल नाइट

‘द बीस्ट विदिन’, म्हणजे गॅब्रिएल नाइट मालिकेतला दुसरा गेम, १९९५ सालचा, सहा सीडी. जेन जेन्सन यांनी लिहिलेला. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली ही सगळ्यात पक्की गोष्ट. जर्मनीत म्युनिकजवळ एका लहान मुलीला लांडग्याने मारलंय आणि गाववाल्यांना तो साधा लांडगा वाटत नाही. एक प्रकरण गॅब्रिएलचं, एक त्याची सहकारी ग्रेसचं, असं आलटून-पालटून चालतं. ग्रेसच्या वाट्याला बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग येतो, जो १८८६ च्या जूनमध्ये स्टार्नबर्गच्या तलावात मृत सापडला होता आणि त्या मृत्यूचं कोडं आजही वादात आहे. खरा इतिहास आणि रचलेली गोष्ट इतकी घट्ट विणली आहे की गेम संपल्यावर भाची दोन दिवस लुडविगबद्दल वाचत होती. मागची दृश्यं खऱ्या ठिकाणांच्या फोटोंवरून केलेली आहेत, त्यामुळे नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघताना प्रवासाला गेल्यासारखं वाटतं.

यात वाचायला खूप आहे: पत्रं, डायऱ्या, संग्रहालयातल्या पाट्या. घाई केलीत तर अडकाल, कारण सगळ्या पाट्या वाचल्याशिवाय काही प्रसंग सुरूच होत नाहीत. पहिल्या प्रकरणात कॅसेटवरचे शब्द तोडून-जोडून एक खोटं वाक्य तयार करायचं कोडं आहे. त्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. मला ते या गेममधलं सगळ्यात मजेचं वाटलं.

तिसरा: फँटॅस्मगोरिया, आणि मोठ्यांसाठी एक सूचना

१९९५ चाच. रोबर्टा विल्यम्स यांचा. त्यांनी सिएरा कंपनी नवऱ्याबरोबर उभी केली आणि त्याआधी मुलांसाठीच्या परीकथांसारख्या गेमांसाठी त्या ओळखल्या जायच्या. एड्रिएन ही लेखिका आणि डॉन हा तिचा फोटोग्राफर नवरा, दोघं एका जादूगाराचा जुना बंगला विकत घेतात. ती एक पेटी उघडते आणि आतलं जे बाहेर पडतं ते नवऱ्यात शिरतं. पुढचे दिवस घरातला माणूस हळूहळू परका होत जातो. मला आज सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, राक्षसाची नाही: सकाळी आरशापुढे दाढी करणारा नवरा, आणि त्याच्याशी काय बोलावं हे न कळणारी बायको.

हा गेम मुलांसाठी नाही, हे स्पष्ट लिहितो. अतिशय हिंसक मृत्यू आहेत, आणि नवऱ्याने बायकोवर केलेल्या बलात्काराचा प्रसंग आहे. ऑस्ट्रेलियात या गेमच्या विक्रीला परवानगीच मिळाली नव्हती. गेममध्ये पासवर्ड लावून असे प्रसंग झाकायची सोय आहे. दादाने ती आमच्यासाठी लावून ठेवली होती आणि पासवर्ड कोणाला सांगितला नव्हता. तो प्रसंग मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिला आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलाला किती समज होती हे तेव्हा कळलं. भाचीला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने सोय चालू ठेवली. तुम्हीही ज्याच्याबरोबर बसणार आहात त्याला आधी विचारा. १९९६ चा दुसरा भाग, ‘अ पझल ऑफ फ्लेश’, वेगळ्या माणसांची वेगळी गोष्ट आहे आणि आणखी भडक. तो नवख्यांनी मागे ठेवला तरी चालेल.

सात सीडी म्हणजे सात प्रकरणं. आज सीडी बदलावी लागत नाही, म्हणून लोक सलग खेळत सुटतात. तसं करू नका. एका रात्री एकच प्रकरण. सीडी बदलण्याचा थांबा त्या गोष्टीच्या रचनेत आहे. दिवसभर ते डोक्यात घोळलं पाहिजे.

जाता-जाता

‘नाइट ट्रॅप’ एका संध्याकाळीत होतो. १९८७ मध्ये चित्रित झाला, १९९२ मध्ये सेगा सीडी या गेम खेळायच्या यंत्रावर आला, आणि १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमधल्या सुनावणीत त्याच्यावर टीका झाली. त्या गदारोळातून पुढे १९९४ मध्ये तिकडे गेमना वयानुसार शिक्के मारणारी संस्था उभी राहिली. २०१७ ची सुधारित आवृत्ती मिळते. एका घरातल्या आठ जागांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवायची, सगळीकडे एकाच वेळी काहीतरी चालू, आणि तुम्ही एकाच ठिकाणी बघू शकता. भीती फारशी वाटत नाही, पण एवढा गाजावाजा कशावरून झाला ते स्वतः बघायला हवं.

‘फँटॅस्मगोरिया’च्या सातव्या प्रकरणाबद्दल मात्र सावध करतो. तिथे पहिल्यांदाच घड्याळ मागे लागतं. पळापळ आहे, चुकीच्या जागी क्लिक केलंत किंवा उशीर केलात की मृत्यू. आधीच्या प्रकरणांत जमवलेल्या वस्तूंपैकी कुठली कधी वापरायची हे पटकन सुचावं लागतं, म्हणून बसण्याआधी वहीची उजळणी करा.

आम्ही पाचव्या प्रकरणाला बसलो त्या रात्री भाचीने विचारलं, “मामा, दादामामा इथपर्यंतच आला होता ना?” मी हो म्हणालो. तिने फोन उचलला आणि वडोदऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. साडेअकरा वाजले होते. दादा बनियनवर, चष्मा शोधत समोर आला. तिने फोन पडद्याकडे वळवला. बंगल्याचं दार दिसलं तसा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “थांब. आधी सेव्ह कर. आणि तो मागचा दिवा बंद कर, उजेड येतोय.”